'कोर्टातला प्रत्येक कागद जनतेचा' म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं : 'कोर्ट जनतेच्या पैशावर चालतं, म्हणून तिथला प्रत्येक कागद जनतेचा. निकालातलं नाव झाकणं म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणं. ज्याने काही केलंच नाही, त्याला भीती कसली?' सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात मी वकिली करतो. हा मजकूर माझ्या पक्षकारांच्या मुळावर येणारा आहे, म्हणून उत्तर देतोय.

'प्रत्येक कागद जनतेचा' हे आधी घेऊ. खुली सुनावणी ही आपली मोठी कमाई आहे, त्यात वाद नाही. पण १९६६ साली मिरजकर खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे हाच प्रश्न आला, तेव्हा बहुमताने सांगितलं की खुली सुनावणी हा नियम, पण न्यायासाठी गरज पडली तर दार लावून घ्यायचा अधिकार कोर्टाला आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ तर त्याही आधीचं, १९५५ चं. आज त्यानुसार घटस्फोटाची सुनावणी बंद दाराआड आणि तिच्यातला मजकूर छापायला मनाई. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

शिवाय सुनावणी वेगळी आणि फाइल वेगळी. पोटगीच्या प्रकरणात २०२० पासून नवरा-बायको दोघांनाही मिळकत, खर्च, कर्ज यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यासाठी आलेली एक बाई पासबुकाची झेरॉक्स माझ्या टेबलावर पालथी ठेवते. मी ती सुलटी केली की ती आधी मागच्या बाकाकडे बघून घेते, ओळखीचं कुणी बसलंय का म्हणून. तो कागद तिने न्यायाधीशांना दिलाय, गल्लीला नाही. तिऱ्हाइताला फाइलची नक्कल हवी असेल तर हायकोर्टाच्या नियमांप्रमाणे कारण देऊन अर्ज करावा, माहिती अधिकारात नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय. म्हणजे वाट बंद नाही. फक्त कारण सांगून यायचं.

'भीती कसली?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीसाठी गेलेला माझा एक पक्षकार मारामारीच्या केसमधून निर्दोष सुटलेला आहे. त्याचं नाव मोबाइलवर टाकलं की पहिल्याच ओळीत 'राज्य विरुद्ध' आणि पुढे तो. निर्दोष हा शब्द शेवटच्या पानावर आहे, आणि तिथवर कोण जातं? निकालाची सर्टिफाइड नक्कल तो फाइलमध्ये घेऊन फिरतो. पूर्वी हीच माहिती रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यात असायची, शोधणाऱ्याला निदान केस नंबर तरी माहीत असावा लागायचा. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो याच्यासारख्यांसाठीही आहे. अर्थात निर्दोष सुटलेल्याचं नाव काढावं का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मद्रास हायकोर्टाने २०२४ मध्ये होय म्हटलं, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली.

राहिलं 'पाठीशी घालणं'. लाच घेतलेला अधिकारी, जमीन लाटणारा पुढारी यांची नावं झाकायला माझाही ठाम विरोध आहे. निवडणुकीच्या उमेदवाराला तर आपल्यावरचे खटले शपथपत्रात लिहावेच लागतात, आणि ते योग्यच आहे. सत्ता हातात आहे त्याचं नाव आणि घराच्या दाव्यात भाडेकरूने जोडलेला आजारपणाचा दाखला एकाच मापाने मोजू नका, एवढंच म्हणतोय.

निकाल पूर्ण वाचायला मिळू दे, त्यातली कारणमीमांसा उघडीच हवी. कौटुंबिक प्रकरणांत नावांच्या जागी आद्याक्षरं घाला. पत्ता, खाते क्रमांक, आजाराचा तपशील अपलोड करण्याआधी गाळा. आणि कलम २२ मोडणाऱ्याला आजही जास्तीत जास्त दंड एक हजार रुपये आहे, तो आधी वाढवा.