हिंट आणि फसवणूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

'स्पेलिंग बी' या न्यू यॉर्क टाइम्सच्या रोजच्या इंग्रजी शब्दकोड्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली, मग थोड्या वेळाने पुन्हा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचे आक्षेप असे : नवं कोडं आपल्याकडे दुपारी साडेबाराला येतं हे चूक, मराठी बाईने इंग्रजी अक्षरं जुळवत बसण्यापेक्षा मराठी शब्दकोडी सोडवावीत, लेख फार लांबला, आणि शेवटी, "हिंट बघून जीनियस होणं ही शुद्ध फसवणूक. ज्यांचं इंग्रजी कच्चं असतं त्यांनाच असल्या कुबड्या लागतात."

वेळेचं तुमचं बरोबर आहे. कोडं न्यू यॉर्कच्या पहाटे तीनला बदलतं. तिथली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात, तेव्हा बडोद्यात साडेबारा वाजलेले असतात, हिवाळ्यात दीड. लेख एप्रिलमधला, म्हणून साडेबारा. आता दोन्ही वेळा घातल्या आहेत. आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण 'फसवणूक' हा शब्द तुम्ही एका अनोळखी बाईला, तिच्याच ब्लॉगवर, चारचौघांसमोर वापरलात. समोरासमोर बसून, हातात चहाचा कप असताना, तुम्ही हेच म्हटलं असतंत का? मला नाही वाटत. आणि फसवलं कोणाला? इथे बक्षीस नाही, कोणाचा नंबर माझ्यामुळे खाली जात नाही. शिवाय हिंट बघते हे मी लेखात स्वतःच लिहिलं होतं. जे उघड सांगितलं त्याला फसवणूक कसं म्हणतात, ते तुम्हीच सांगा.

हिंट म्हणजे काय, हे तुम्ही नीट पाहिलेलं दिसत नाही. कोड्यात सात अक्षरं. मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच, शब्द किमान चार अक्षरी, एकच अक्षर कितीही वेळा वापरा. चार अक्षरी शब्दाला 1 गुण, त्याहून मोठ्याला अक्षरामागे 1, आणि सातही अक्षरं आलेल्या पॅनग्रॅमला वर 7. एकूण गुणांच्या 70 टक्के झाले की जीनियस, सगळे शब्द सापडले की क्वीन बी. हिंटमध्ये एक तक्ता असतो : कुठल्या अक्षराने सुरू होणारे, किती अक्षरी, किती शब्द. सोबत पहिल्या दोन अक्षरांची यादी. एवढंच. ही यादी न्यू यॉर्क टाइम्स स्वतःच रोज देतो, ती मी चोरून आणलेली नाही.

समजा अक्षरं आहेत सी, ए, यू, टी, आय, ओ आणि मधोमध एन. 'कॉशन' दिसला की पॅनग्रॅम झाला असं वाटतं. तीच सात अक्षरं फिरवली की 'ऑक्शन' होतो, तो कित्येकांचा राहून जातो. सी-ओ ने सुरू होणारे शब्द किती, ते यादी सांगते. कॉइन, काउंट, कॉटन, ककून, कंटेन झाले, तरी बाकी आहेत. राहिलेल्यांत एक सात अक्षरी आहे हे तक्त्यातून कळलं. बस, शोधा. पडद्यावर सी एकदाच आहे, ओ एकदाच आहे, त्यामुळे डोळा त्यांना दोनदा वापरायला तयारच होत नाही. मी भाजी फोडणीला टाकते, परत येते, अक्षरं ढवळते, काही नाही. आणि मग केव्हातरी 'कोकोनट'. ज्याला तो शब्द ठाऊक नाही त्याला सी-ओ सांगून काय उपयोग? तो शब्द माझ्याच डोक्यातून यावा लागतो. उत्तरांची यादी उघडून टाइप करणं वेगळं. ते मी करत नाही, कधी केलेलं नाही.

तुम्हाला आवडतात त्या शब्दकोड्यांचंच बघा. आडवा शब्द सुटला की त्याची अक्षरं उभ्या शब्दाला आयती मिळतात. ती मदत नव्हे? माझे वडील मुंबईच्या पेपरातलं कोडं घेऊन ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "पाच अक्षरी, तिसरं 'र', सुचतंय का काही?" अख्खा वाडा त्या कोड्यात असे. त्यांना कुबड्या घेतात असं कोणी म्हटलं नाही. म्हणायची कोणाची छातीही नव्हती.

राहिलं माझं इंग्रजी. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले, मॅट्रिकपर्यंत मराठी माध्यमात शिकले. नोकरीला लागले तेव्हा एका साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, मराठी मीडियमच्या मुलींनी इंग्रजी पत्रांना हात लावू नये. ऑफिस सुटलं की मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयांची जी घडी बसवून घेतली, तिचा फायदा माझ्यासारखीला इतक्या वर्षांनी मिळत होता. तिथे डिक्शनरी घेऊन बसायचे, वहीत शब्द उतरवायचे. पुढे त्याच ऑफिसातली इंग्रजी पत्रं माझ्या हातून गेल्याशिवाय बाहेर पडत नव्हती. तेव्हा 'कच्चं' हा शब्द मला नवा नाही. तो ऐकून गप्प बसायचं वय मात्र मागे पडलं.

मराठी कोडी मी सोडवते, रोज सोडवते. त्याचा दाखला तुम्हाला देण्याची गरज वाटत नाही. लेख लांबला असेल तर मध्येच सोडून द्यायचा होता, कोणी धरून ठेवलं नव्हतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढच्या वेळी 'फसवणूक' लिहाल तेव्हा ती कुठे झाली तेही सोबत लिहा.