बोर्ड गेलाय म्हणे!

ओव्हनवर जास्त तापल्याचा एरर कोड आला की मेकॅनिकचं एकच पालुपद: ‘बोर्ड (ओव्हन चालवणारं सर्किट) गेलाय, बदला.’ अहो, आधी मीटर तरी लावा! एमसीबी पाडा, ओव्हन पूर्ण गार होऊ द्या, तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग सोडवून त्याचे ओम, म्हणजे विजेला होणारा विरोध, मोजा; सेन्सर तापला की ओम वाढतात. शून्य अंशांना हजार ओम दाखवणारा प्लॅटिनम सेन्सर असेल तर २५ अंशांना साधारण ११०० यायला हवेत. सोलापुरात मे महिन्यात स्वयंपाकघरच ४० अंशांवर, तेव्हा ११५५ सुद्धा ठीकच. आकडा फारच जास्त आला, किंवा वायर हलवली की नाचायला लागला, तर काळा पडलेला प्लग बघा. सैल जोडामुळे ओम वाढतात आणि बोर्डाला वाटतं भट्टी पेटलीय! बटण बंद असूनही कॉइल लालच राहिली, तर मात्र रिले (कॉइलची वीज चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) चिकटलाय; तेव्हा खुशाल बोर्ड उघडा. न मोजता गिऱ्हाईकाच्या गळ्यात नवा बोर्ड कशाला मारता?