पुलावरून चालणाऱ्यालाही मोजा

पुण्यात नव्या पुलाचा किंवा रुंदीकरणाचा विषय निघाला की सगळ्यात आधी वाहनांची मोजणी होते. येणारं-जाणारं प्रत्येक वाहन 'पीसीयू' (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे एका मोटारीच्या तुलनेत किती) नावाच्या मापात बसवलं जातं. मोटार म्हणजे १, दुचाकी साधारण अर्धा, बस किंवा ट्रक ३. सायकललासुद्धा काहीतरी किंमत आहे. पायी जाणाऱ्याला मात्र या मापात आकडाच नाही. पन्नास माणसं भरलेली पीएमपीची बस ३, एकटा माणूस बसलेली मोटार १, आणि पिशव्या घेऊन पूल ओलांडणाऱ्या शंभर जणांची बेरीज शून्य. चालणाऱ्यांची वेगळी मोजणी करता येते, तिची पद्धतही ठरलेली आहे. पण पूल हवा की नको आणि किती रुंद हवा, हे ठरतं ते वाहनांच्या आकड्यावर. माझा सगळा राग या शून्यावर आहे.

कारण मुठेसारखी नदी पायी ओलांडायला अगदी सोपी आहे. डेक्कनपाशी तिचं पात्र केवढं? रमतगमत गेलात तरी पाच-सात मिनिटांत पेठेत पोचता. नदीच्या एका बाजूला फर्ग्युसन, गरवारे, बीएमसीसी ही कॉलेजं आणि जंगली महाराज रस्ता. दुसऱ्या बाजूला नारायण, सदाशिव, शनिवार पेठ, मंडई, वाडे, क्लासेस आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी भरलेल्या अभ्यासिका. लातूर, बीड, परभणी, सांगलीकडून आलेली ही हजारो मुलं पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहतात, मेसमध्ये जेवतात आणि सगळीकडे पायी जातात. त्यांच्याकडे गाडी नाही, म्हणून त्यांची मोजणीही नाही. शहराच्या मधोमध पायी चालणारी एवढी मोठी वस्ती असताना तिच्यासाठी पूल बांधावा, हे आपल्याला इतकी वर्षं सुचलं नाही.

डेक्कन आणि पेठा जोडणाऱ्या लकडी पुलाचंच बघा. पानिपतानंतर, १७६१ च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी इथे लाकडी पूल बांधायला लावला असं सांगतात. पुढे लाकूड जाऊन दगड आला, रुंदी वाढली, छत्रपती संभाजी पूल असं अधिकृत नाव मिळालं आणि आता डोक्यावरून मेट्रो जाते. वर्षातून दोनदा हा पूल पूर्णपणे चालणाऱ्यांचा असतो. आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या फर्ग्युसन रस्त्याने येऊन याच पुलावरून लक्ष्मी रस्त्याकडे जातात, तेव्हा कडेला उभं राहून बघा. तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका, टाळकरी, मागे राहिलेल्यांना हाका मारणारे विणेकरी, सगळे या पुलावरून जातात. तासन् तास ओघ चालू असतो आणि पूल कुठेही अपुरा पडत नाही. दुसरी वेळ अनंत चतुर्दशीची. अलका चौकात मिरवणूक संपवून मंडळं इथूनच पुढे जातात, आणि रात्रभर पुलावर माणसंच माणसं असतात. आता वाहनं चालू असताना एका तासात किती माणसं पुलापार जातात ते मोजा. पालखीच्या तासाशी त्याची तुलनाच होणार नाही.

एरवी त्याच पुलावर काय दिसतं? मागच्या महिन्यात माझ्या आत्याबरोबर मी पुलाच्या फूटपाथवरून चाललो होतो. आत्या सत्तरीची, गुडघे दुखतात, पण चालायची हौस दांडगी. वाटेत फूटपाथवर दोन दुचाक्या लावलेल्या. पुढे केबलसाठी उखडलेल्या फरश्या तशाच. टोकाला पोचलो तर उतरायची पायरी इतकी उंच की आत्या आधी माझ्या खांद्यावर हात ठेवून आडवी वळली आणि मग एकेक पाय खाली सोडला. आणि पाय टेकला तो थेट वळणाऱ्या रिक्षांच्या वाटेत. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असं स्पष्ट लिहिलंय. १५० मिलिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आत्याला त्या दिवशी तेवढीच पायरी मिळाली असती तर माझ्या खांद्याची गरज पडली नसती.

बरं, पुण्याला चांगलं काय असतं ते माहीत नाही असंही नाही. पादचारी धोरण करणारं हे शहर. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करायची प्रथा २०२१ पासून इथेच सुरू झाली. बंड गार्डनचा जुना फिट्झजेराल्ड पूल, १८६९ सालचा, कॅप्टन सेलन नावाच्या लष्करी अभियंत्याने आखलेला, दगडी कमानींचा आणि टोकांना सिंह बसवलेला. शेजारी नवा पूल झाल्यावर हा वाहनांना बंद केला आणि माणसांना फिरायला, बसायला दिला. माझ्या मते या शहराने पुलांच्या बाबतीत घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय आहे. संध्याकाळी तिथे जाऊन बघा. पुलावर उभं राहून नदी बघणं, अगदी आजची काळवंडलेली, जलपर्णीने भरलेली नदी बघणं, हासुद्धा नागरिकाचा हक्क आहे. रोज नदी बघणारी माणसं असतील तरच नदीसाठी भांडणारी माणसं तयार होतील, असं मला मनापासून वाटतं.

झेड पुलाचंही तेच. काकासाहेब गाडगीळांचं नाव असलेला हा पूल दुचाक्यांसाठी आहे, पण संध्याकाळी त्याचा ताबा कठड्याला टेकलेल्या मुलामुलींकडे असतो. यावर नाकं मुरडणारे खूप आहेत. मला ती मुलं आवडतात. आठ बाय दहाच्या खोलीत चौघं राहणाऱ्या मुलांना वारा लागेल अशी फुकट जागा शहरात उरलीच किती? तिथे एक धड रुंद फूटपाथ आणि चार बाकं टाकली तर बिघडेल काय?

रेल्वेच्या पुलांबद्दल फार लिहीत नाही. १८५८ मध्ये खंडाळ्याकडून पुण्यापर्यंत गाडी आली तेव्हापासून दापोडी-खडकीमध्ये मुळा आणि मुळा-मुठेच्या संगमापाशी मुठा ओलांडत रूळ आलेत. लोणावळा लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाने ही दोन्ही पाणी पाहिली आहेत. जिथे माणसं रुळांच्या कडेकडेने नदी पार करतात, तिथे जवळपास पायी जायला सोय नसते, एवढंच म्हणतो. तिथे दंड करून भागत नाही, शेजारी पादचारी पूल लागतो.

आता डेक्कनपाशी नदीपात्रात असलेला भिडे पूल. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की 'भिडे पूल पाण्याखाली' ही बातमी दर पावसाळ्यात ठरलेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून शहरातले बहुतेक पूल बुडाले, तो दिवस पाहिलेली माणसं आजही आपल्यात आहेत. तरी नंतर आपण पात्रातच रस्ता आणि पात्रालगतच पूल केला. तो चालतो, सोयीचा आहे, मीही वापरतो. पण २०२५ मध्ये हाच भिडे पूल कित्येक महिने बंद होता, आणि कारण होतं डेक्कन मेट्रो स्थानकाला पेठांशी जोडणाऱ्या पादचारी पुलाचं काम. त्या काळात वाहतुकीच्या नावाने खूप आरडाओरडा झाला. मला मात्र आनंद झाला, की कुणीतरी मेट्रोतून उतरलेला माणूस पायी पेठेत कसा पोचेल याचा विचार केला. मेट्रो व्हायची होती म्हणून तो झाला, शहराने आपणहून केला नाही, ही खंत आहेच.

आणि पादचारी पूल म्हटल्यावर कुंडमळा विसरता येत नाही. १५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. पूल धोकादायक असल्याची पाटी होती. नव्या पुलाला मंजुरीही होती. दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा गर्दीची, सेल्फीची, दुचाक्या पुलावर घातल्याची. मान्य, गर्दी नको होती. पण तो पूल पलीकडच्या गावकऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्याचा होता. मोटारींचा पूल इतका गंजला असता तर तो इतकी वर्षं नुसत्या पाटीच्या भरवशावर सोडला असता का? महाडचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसट्या घेऊन वाहून गेला, तेव्हा राज्यभरातल्या जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय ऐरणीवर आला. पायी पुलांचा नंबर कायम शेवटी लागतो, कारण तो शून्य तिथेही आडवा येतो.

"मग वाहनांनी जायचं कुठे?" असा प्रश्न येणार. वाहनांचे पूल नकोत असं मी म्हणतच नाही. सनसिटी-कर्वेनगर पूल हवाच आहे, सिंहगड रस्त्याच्या माणसाला राजाराम पुलाचा वळसा रोज पडतो. बालेवाडी-वाकड पुलासारखं बांधकाम आधी आणि जोडरस्ता कधीतरी, असं मात्र होऊ नये. माझी मागणी साधी आहे. यापुढे कुठल्याही पुलाची मोजणी होईल तेव्हा 'किती वाहनं' याच्या शेजारी 'किती माणसं' हा रकाना असावा. प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना चालणाऱ्याला उतरायला उतार असावा, पायरी नको. म्हात्रे पुलापासून संगमापर्यंत मुठेवर जिथे दोन पुलांमधलं अंतर चालणाऱ्याला जास्त पडतं, तिथे फक्त पायी आणि सायकलचा हलका पूल यावा. आणि शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी आहे, हे पुलावरच मराठीत मोठ्या अक्षरात लावावं, म्हणजे ते वाचायला माहितीचा अधिकार वापरावा लागणार नाही.

महापालिका दर वर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवायचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयांत घेते. पुलाच्या टोकाचा उतार, फूटपाथच्या फरश्या, बाकं, दिवे ही त्या अर्जात बसणारी छोटी कामं आहेत. यंदा मी लकडी पुलाच्या दोन्ही टोकांसाठी अर्ज लिहून ठेवलाय. तुमच्या रोजच्या पुलावर नेमकी कुठे अडचण होते ते कमेंटमध्ये लिहा, शक्यतो फोटोसकट. एकाच पुलाबद्दल आपण वीस-पंचवीस जणांनी वेगवेगळे अर्ज दिले तर ते बाजूला ठेवणं सोपं जाणार नाही.