घर विकायचंय? आधी ओळखपत्र काढा

सिंगापुरात सरकारी फ्लॅट विकायला काढताय? अभिनंदन! सक्तीची ५ वर्षं राहून झालीत, ओट्याला नवी फरशी बसवलीत, शिवाय मजला आठवा, म्हणजे चिनी लोकांना शुभ. (चौथा असता तर काही चिनी गिऱ्हाइकांनी तो अशुभ आकडा ऐकूनच फोन ठेवला असता.) आता भिंतींना रंग देण्याआधी एक करा. गृहनिर्माण मंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या ब्लॉकचा वांशिक कोटा बघा. मुंबईत ‘मासे खाता का’ असं विचारलं की चिडायचात ना? इथे कुणी काही विचारत नाही. ओळखपत्रावर वंश छापलेलाच असतो.

नियम १९८९चा. हेतू इतका चांगला, की कुरकुर करायचीही लाज वाटावी. १९६४च्या दंगली पुन्हा नकोत, वंशावंशांच्या वेगळ्या आळ्या नकोत, जिन्यात सगळ्यांची गाठ पडावी. म्हणून एका ब्लॉकमध्ये चिनी कुटुंबं ८७ टक्क्यांपर्यंत, मलाय २५, भारतीय आणि ‘इतर’ मिळून १५.

तुम्ही भारतीय, आणि तुमच्या ब्लॉकचा चिनी कोटा भरलाय? मग देशातली चारातली जवळजवळ तीन माणसं, म्हणजे सगळी चिनी, तुमच्या घराच्या वाटेला जाऊ शकत नाहीत. शेजारचे चिनी अंकल मात्र कुणालाही विकू शकतात, चिनी माणसालासुद्धा. चिनी गेला, चिनी आला, टक्का जिथल्या तिथे. तुमच्या जागी आला की हलतो. म्हणजे अख्ख्या देशाचा सलोखा तुमच्या दोन बेडरूमवर तोलून धरलाय. केवढा हा मान! फक्त त्याचं बिल तुमच्या नावावर येतं.

खचू नका. गणपतीत प्रसादासोबत फ्लॅटचे फोटोही फिरवा. भारतीयाने भारतीयाला विकायला या कोट्याची आडकाठी नाही. गिऱ्हाईक नागरिक आहे ना, तेवढं बघा. कायम रहिवासी कुटुंबांना वेगळा कोटा, ब्लॉकमागे ८ टक्के. मलेशियाच्या लोकांना तो लागत नाही, पण आपले सगळे निघतात नाशिकचे. त्यातूनही कुणी जुळलाच, तर भाव तोच सांगणार. तुमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे त्याने मंडळाच्या संकेतस्थळावर आधीच वाचलेलं असतं.

सरकारही अगदीच निष्ठुर नाही बरं का. २०२२पासून अशी अडकलेली घरं मंडळ स्वतः विकत घेऊ शकतं. घर १० वर्षं तुमचं हवं आणि ६ महिने मनापासून खटपट करून हात टेकलेले हवेत. हात टेकल्याचे पुरावे जपून ठेवा.

तोवर अंकलना चहाला बोलवा. पोहे करा. इकडचं तिकडचं झालं की हळूच विचारा, मुलाकडे राहायला जायचा काही विचार? आणि असलाच, तर घर एखाद्या मलाय कुटुंबाला द्याल का? शेजाऱ्यांनी एकमेकांकडे येजा वाढवावी, असं तर सरकारलाही वाटतंच.