ही की ती?

दाढ रात्रीच का दुखते याचं उत्तर मला आता माहितीये, पण ज्या रात्री हवं होतं त्या रात्री नव्हतं. दाताच्या आत जो मऊ गर असतो त्याच्या चारी बाजूंनी टणक भिंती. बाकी शरीरात कुठे सूज आली तर तिथलं मांस फुगून जागा करून घेतं, इथे फुगायला जागाच नाही, आणि आपण आडवे झालो की डोक्याकडे रक्त जास्त जातं, मग तो गर कोंडलेल्या माणसासारखा आतून दार वाजवत बसतो. ठक. ठक. ठक. माझ्या नाडीच्या तालावर. उठून बसलो की थोडं कमी, उशीला डोकं टेकलं की परत सुरू. शेवटी ती रात्र मी खुर्चीत ताठ बसून काढली, गालावर हात ठेवून, गहन विचारात पडलेल्या पुतळ्यासारखी.

सकाळी घरातून विचारणा झाली, कुठली दाढ? म्हटलं, डावी. वरची की खालची? आणि इथे माझी दांडी गुल. रात्रभर जिच्याशी झुंजलो ती वर राहते की खाली, हेच सांगता येईना.

दवाखान्यात डॉक्टर माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या. "बोला काका, कुठे दुखतंय?" (काका! दुखण्यात ही एक भर.) मी अख्खा पंजा कानापासून हनुवटीपर्यंत फिरवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "एका बोटाने दाखवा." मी बोट खालच्या दाढेवर ठेवलं, मग वरच्या, मग परत खालच्या, मग कानाजवळ. सोडतीचा नंबर काढतोय असं वाटत असणार त्यांना.

पण यात माझी चूक नव्हती हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला त्यांचा फार आदर वाटला. झालंय असं की आतल्या गरात ज्या नसा असतात त्यांना फक्त "दुखतंय" एवढंच कळवता येतं, पत्ता सांगता येत नाही. त्यात वरचे आणि खालचे दात एकाच मोठ्या नसेच्या फांद्यांवर, सगळा निरोप एकाच एक्स्चेंजमधून जाणार, मेंदूला कळतं की डावीकडून कुणीतरी बोंबलतंय पण कोण ते नाही. पत्ता सांगायचं काम दुसऱ्याच कुणाचं असतं, मुळाभोवती एक पातळ गादी असते, लिगामेंट, दाबाची सगळी जाण तिथे. सूज मुळाच्या टोकातून बाहेर पडून त्या गादीपर्यंत पोचली की पेशंट बरोबर बोट ठेवतो. माझी अजून पोचली नव्हती. म्हणजे माझी दाढ निनावी तक्रार करत होती.

मग चौकशी सुरू झाली. आधी आरशाच्या दांड्याने एकेका दातावर टकटक, "ही? की ही?" मला सगळ्याच हीच वाटत होत्या. मग गारव्याची टेस्ट, म्हणजे कापसाच्या बोळ्यावर एक स्प्रे मारतात जो उणे 26 अंशांच्या आसपास असतो, आणि तो बोळा दाताला लावतात. "गार लागलं की हात वर, गेलं की खाली." मी हात वर केला.

"काका, अजून लावलं नाहीये."

दुसऱ्यांदा लावलं. खालच्या दाढेला लावलं तेव्हा हात वर गेला आणि दोन-तीन सेकंदात खाली आला, जसा चांगल्या दाताचा यायला पाहिजे तसा. वरच्या पहिल्या दाढेला लावलं आणि मला ब्रह्मांड आठवलं. हात वर गेला तो वरच. त्यांनी बोळा काढला, टाकून दिला, ग्लोव्ह्ज नीट केले, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं, माझा हात अजून वर. गारवा काढल्यावरही कळ रेंगाळली की समजायचं आतला गर आता काही सुधारत नाही, तो काढून रूट कॅनाल करायचं. एवढी मशिनं त्या खोलीत आणि निकाल लागला तो एका कापसाच्या बोळ्यावर आणि माझ्या वर राहिलेल्या हातावर. आणि मी सकाळपासून खालच्या दाढेची बदनामी करत होतो!

तरी एक्स-रे झालाच. आगपेटीएवढा सेन्सर तोंडात कोंबला, "हलू नका" म्हणेपर्यंत झालासुद्धा. मी जरा कुरकुर केली, की टोचतोय हो तो. नंतर वाचलं की राँटगेनने 1895 च्या नोव्हेंबरमध्ये हे किरण शोधले आणि पुढच्या जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वॉल्कहॉफ नावाच्या डेंटिस्टने स्वतःच्या दातांचा फोटो काढला, त्यासाठी तो 25 मिनिटं काचेची प्लेट तोंडात धरून पडला होता. पंचवीस! मी अर्ध्या सेकंदावर कुरकुरलो होतो.

आता हे फोटो वाचायला ए-आय पण आलंय, दाढ काळवंडली असेल तिथे रंगीत चौकट काढून देतं. त्याने माझी खरी गुन्हेगार बरोबर पकडली, आणि शेजारच्या एका निरुपद्रवी दाढेवरही चौकट मारली. डॉक्टरांनी पाहिलं, जुन्या फिलिंगची कड आहे म्हणाल्या, आणि चौकट पुसली. मला त्या सॉफ्टवेअरबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यालाही माझ्यासारखंच, ही की ती.

"कीड लागलीये" असं आपण म्हणतो ना, ते आपल्या भाषेतच अडकून बसलंय. हजारो वर्षं लोकांना खरंच वाटायचं की दातात अळी असते आणि ती कुरतडते. 1728 मध्ये पिअर फोशार या फ्रेंच डेंटिस्टने सांगितलं की अळीबिळी काही सापडत नाही बुवा. हाच फोशार दातदुखीवर स्वतःच्या लघवीने चुळा भरायला सांगायचा, तेव्हा प्रगती एकदम सगळ्या बाजूंनी होत नाही हे लक्षात घ्या. तोंडातले जंतू साखरेचं ॲसिड करतात आणि त्याने दात झिजतो हे 1890 च्या सुमारास मिलर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने नीट मांडलं, तरी कीड भाषेतून काही निघाली नाही. डॉक्टरसुद्धा मला "कीड खोल गेलीये" म्हणाल्या.

मग तो मोठा स्कॅन, थ्री-डी, ज्यात आपण हनुवटी टेकवून उभं राहायचं आणि एक हात आपल्याभोवती गोल फिरतो, ओवाळल्यासारखा. हे यासाठी की वरच्या पहिल्या दाढेला बहुतेक वेळा तीन मुळं असतात पण आत गराच्या नळ्या पुष्कळदा चार, आणि ती चौथी इतकी बारीक आणि आडोशाला असते की साध्या फोटोत दिसतच नाही. ती राहून गेली की आतले जंतू तिथे मुक्काम ठोकतात आणि पुढे कधीतरी परत ठक ठक. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाढ उभी-आडवी कापून दाखवली. "ही बघा चौथी." मला चार काळे ठिपके दिसले, त्यातले दोन बहुतेक स्क्रीनवरची धूळ होती, पण मी "अच्छा अच्छा" म्हणालो.

इंजेक्शनबद्दल मी फार बोलणार नाही कारण डोळे मिटलेले होते. एवढंच, की 1844 मध्ये होरेस वेल्स नावाच्या डेंटिस्टने लाफिंग गॅस घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली, फारसं दुखलं नाही, बिचारा खूश होऊन पुढच्या महिन्यात बॉस्टनला सगळ्यांसमोर प्रयोग करायला गेला आणि तिथे नेमका पेशंट ओरडला. झालं, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. परत तोच मुद्दा, सगळं विज्ञान पेशंटच्या एका "आई गं"वर लटकलेलं. आताचं औषध लिडोकेन, 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं, पाच मिनिटांत गाल माझा राहिला नाही.

नंतरचा दीड तास मी तोंड उघडून पडून होतो आणि या काळात माणसाकडे फक्त स्वर उरतात, व्यंजनं जप्त होतात. त्यात दाढेवर रबराचा एक पडदा ताणून बसवलेला, थुंकी आत आणि औषध बाहेर जाऊ नये म्हणून (हा पडदा 1864 पासून तसाच आहे, याला म्हणतात डिझाइन). ड्रिलचा तो आवाज. 1870 च्या दशकात हे पायाने चालवायचे, शिलाई मशीनसारखं, मिनिटाला जेमतेम दोन हजार फेरे. 1957 पासून हवेवर चालणारी आली ती तीन लाखांच्या घरात. मी मनात हिशोब केला आणि तीन लाखच बरे म्हटलं, लवकर तरी आटपतं.

मग निकेल-टायटॅनियमच्या फाइल्स, केसासारख्या बारीक आणि इतक्या लवचिक की वाकड्या नळीत वाकत जातात, पूर्वीच्या स्टीलच्या हट्टाने सरळ जायला बघायच्या. नळीचं टोक कुठे संपतं ते सांगणारं एक यंत्र, त्याचा हूक माझ्या ओठात अडकवलेला, फाइल टोकाजवळ गेली की बीप वाढत जातो, अगदी गाडी रिव्हर्स घेताना भिंत जवळ आली की होतं तसं. बीप... बीप.. बीपबीपबीप. माझ्या दाढेत कुणीतरी पार्किंग करत होतं.

मला हलकं करायला डॉक्टर सांगत होत्या की जपानमध्ये क्योटोला 2024 मध्ये दात परत उगवायच्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू झाली. दाताची वाढ रोखणारं एक प्रोटीन असतं, त्यालाच अडवायचं. मी विचारलं, "आआ ऑऑ आऊं आ?"

"नाही हो काका, तुम्हाला इतक्यात नाही मिळणार. पहिल्या टप्प्यात फक्त सुरक्षित आहे का तेवढंच बघतात."

एकही व्यंजन नसताना यांना कळलं कसं? कुठलीही मशीन राहू दे, ह्या विद्येवर आधी रिसर्च व्हायला पाहिजे.

दोन बैठका झाल्या, चौथी नळी सापडली, साफ झाली, भरली. मग कॅप. आता दातांचं माप घ्यायला ती गुलाबी चिकट पेस्ट तोंडात भरून ओकारी येईपर्यंत थांबायला लागत नाही, पेनासारखा कॅमेरा फिरवला की स्क्रीनवर दाढ तयार. कॅप बसली. निळा कागद दातांत ठेवून "टकटक करा, आता घासा, उंच लागतंय का?" गाल अर्धा बधिर, भूक लागलेली, मी म्हटलं, "नाही, मस्त आहे."

रात्री लक्षात आलं की तोंडात एक डोंगर आहे. दात मिटले की आधी तिथे टेकतंय, मग बाकीचे. खूण पटवायला मी शंभरेक वेळा दात मिटले. सकाळी परत हजर. डॉक्टरांनी स्क्रीनवर पाहिलं, तिथे सगळं व्यवस्थित, हिरवंगार. "कॉम्प्युटर तर बरोबर म्हणतोय. नक्की कुठे लागतंय?"

गर काढला तरी मुळाभोवतीची ती गादी जागेवरच असते, आणि तिला दातांमधला वीसेक मायक्रॉनचा फरकही कळतो, केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा. मी तोंड उघडलं आणि एका बोटाने थेट दाखवलं.

"ही. मागचा कोपरा, आतल्या बाजूने."

निळा कागद ठेवला, टकटक केलं. बरोबर त्याच कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा गडद निळा ठिपका. डॉक्टर काही बोलल्या नाहीत, ड्रिल उचललं. झुंईं. "आता?"

"अजून जरासं. डावीकडे थोडं... नाही, एवढं नको, मी सांगतो ना, आधी तुम्ही तो स्कॅन बंद करा आणि..."

"काका, तोंड उघडं ठेवा."

"आं."