चोर मांडीत, फाशी गुडघ्याला

इंदूरला सकाळचे पोहे पैसे देऊन मिळतात, त्यावर भुरभुरलेला जीरावन मसाला आणि गुडघ्याबद्दलचा सल्ला मात्र फुकट. भाजीच्या ठेल्यासमोर मी नुसतं "आई गं" म्हणत वाकले तर भाजीवाला म्हणे, "आंटीजी, ग्रीस खतम हो गया आपका." जाऊबाईंनी रुईची पानं तव्यावर गरम करून बांधायला सांगितली, मामेबहिणीनं एरंडेल, आणि समोरच्या भाभींनी तर डिंक-मेथीचे लाडू डबाभर करूनच पाठवले. लाडू मी मनापासून खाल्ले, त्याबद्दल गुडघ्याची काही तक्रार नाही, कंबरेची आहे. आमचे हे रिटायर झाल्यापासून सगळ्या आजारांवर एकच औषध सांगतात, "जरा चालत जा." स्वतः सोफ्यावरून सांगतात.

शेवटी एक्स-रे काढला, तोही उभं राहून, कारण वजन पडल्याशिवाय म्हणे हाडांमधली खरी जागा कळत नाही. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "गॅप कमी झालाय, ग्रेड 2." गुडघ्याच्या झिजेला ही ग्रेड द्यायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स नावाच्या दोघांनी 1957 साली काढली, 0 ते 4 अशी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अशी परीक्षा बघितली जिथे कमी मार्क मिळाले की पेढे वाटायचे. पण गंमत अशी की माझ्या ग्रेड 2 ला जिन्यात देव आठवतात आणि आमच्या भिशीतल्या एक मावशी ग्रेड 3 घेऊन खजराना गणपतीला प्रदक्षिणा घालून येतात, वर सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री उभ्याउभ्या तळलेलं गराडू, म्हणजे कंद, पण खातात. फोटो आणि दुखणं यांची पत्रिका बऱ्याचदा जुळतच नाही. ती जी घासली जाते म्हणतात ना गादी, कूर्चा, तिच्यात दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात, तिला स्वतःला काही पत्ताच नसतो. बोंब मारतात ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर.

मग मला फिजिओकडे पाठवलं. मुलगी आमच्याच मराठी मंडळातली निघाली, वयाने माझ्या सुनेहून लहान. मी कौतुकाने गुडघा पुढे केला, तर हिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, सरळ मांडी दाबून बघितली आणि म्हणाली, "काकू, मसल कुठेय?" आता साठी ओलांडलेल्या बाईला असं कोणी विचारतं का! मांडीत भरपूर काही आहे, पण ते जे आहे ते मसल नाहीये असं तिचं म्हणणं.

तिने समजावलं ते असं, की मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू असतात, क्वाड्रिसेप्स, ते चौघं वाटीवरून खाली येऊन नळीच्या हाडाला एकत्र धरतात. उठा, जिना चढा, पाय सरळ करा, सगळं यांचं काम, आणि पाऊल पडलं की बसणारा धक्का पण बराचसा हेच झेलतात. गुडघा सुजला किंवा दुखला की नसाच या स्नायूंना जाणारा हुकूम कमी करतात, "राहू दे, जोर लावू नको." आपणही मग उठणं-बसणं टाळतो. स्नायू बसून खातात, बारीक होतात, धक्का सगळा गुडघ्यावर येतो, गुडघा अजून दुखतो, की हुकूम अजून कमी. सरकारी ऑफिसात या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात तसं. आणि बायकांमध्ये पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, हे दुखणं पुरुषांपेक्षा जास्त, शिवाय मुळात आपल्याकडे स्नायूंचं भांडवल पण कमी. मी म्हटलं, म्हणजे गुडघा निर्दोष? ती म्हणे, "निर्दोष नाही हो काकू, पण एकटा दोषी पण नाहीये." आणि आम्ही इतके दिवस तेल, पट्टा, पानं सगळं त्या एकट्यालाच.

पुढचं ऐका. मांडीची सोनोग्राफी! घरी फोनवर "सोनोग्राफीला बसलेय" एवढंच बोलले आणि रेंज गेली, तिकडे सूनबाईंचं काय झालं असेल ते असेल. थंडगार जेल लावून तिने मशीन फिरवलं आणि पडद्यावर स्नायू दाखवला, किती मिलिमीटर जाड आहे, धागे किती तिरके आहेत. हे धागे उभे सरळ नसतात, पडद्याकडे टक लावून बघितलं की तिरक्या रेघा दिसतात, आणि तो तिरकेपणा चांगला असला की तेवढ्याच जागेत जास्त धागे मावतात म्हणून ताकद जास्त. मग म्हणाली, "काळं दिसतं ते चांगलं मसल, पांढरं जितकं जास्त तितकी आत चरबी." जन्मभर गोरं ते चांगलं ऐकत मोठी झालेली मी, आणि माझी मांडी आतून एवढी गोरीपान निघाली की स्थळं बघताना ही सोनोग्राफीच पाठवली असती तर हुंडा वाचला असता.

त्यानंतर परीक्षा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची, साधारण 43 सेंटिमीटर उंच, हात छातीवर क्रॉस, 30 सेकंदात जितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तितक्या वेळा. ऐकायला पोरखेळ वाटतो. 60 ते 64 वयाच्या बाईने 12 पेक्षा कमी केलं तर ते सरासरीखाली धरतात. माझा आकडा मी ह्यांनाही सांगितलेला नाही, तुम्हाला का सांगू. आणि त्यात जाच असा की हाताने मांडीला आधार दिला तर शून्य, आधीचं सगळं पाण्यात. आता मला सांगा, आपल्याकडची कुठली बाई हाताचा आधार घेतल्याशिवाय आणि "अगं बाई" म्हटल्याशिवाय उठते? "अगं बाई" चालेल म्हणाली. दुसरी परीक्षा, खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायची भीती आहे असं समजतात. त्यात मी पास झाले, कारण परत येऊन बसायचं होतं.

रामबागेत माझ्या माहेरचा जुना जिना आहे, त्याच्याबद्दल पण तिला विचारलं, की चढताना निभावतं पण उतरताना का जीव जातो. तर म्हणे उतरताना स्नायूला ताणलं जात असतानाच ब्रेक पण मारायचा असतो, ते काम जास्त कठीण. आणि वजनाचं गणित असं, की शरीराचं 1 किलो कमी झालं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने उतरतो. हे ऐकून मी घरी आले आणि लाडवांचा डबा ह्यांच्यासमोर सरकवला, त्यांनी नाही म्हटलं नाही.

व्यायाम अगदीच साधे दिले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो दाबून धरायचा, पाय सरळ ठेवून वर उचलायचा, आणि खुर्चीची ती उठबस. सिरियल बघताना करते, सासू कारस्थान करत असली की पाय जास्त वेळ वर राहतो. दुखणं पळून गेलं असं काही नाहीये, थंडीत सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं अजून "भिया, जरा रुको" म्हणतातच, पण कमोडवरून उठताना हल्ली नळाला धरत नाही, हे आमच्या प्लंबरला सांगायला हवं.

परवा भिशी माझ्याकडे होती. डाळ-पन्हं झाल्यावर मी डायनिंगची खुर्ची भिंतीला लावली आणि मोबाइलवर 30 सेकंद लावले. आधी सगळ्या लाजल्या, मग पदर खोचून रांग लागली. ग्रेड 3 वाल्या मावशी सगळ्यांच्या पुढे गेल्या, आणि जाऊबाई उठत असतानाच टण्ण करून वेळ संपली. नियम असा की अर्ध्याच्या वर उठलेलं असलं तर पूर्ण धरायचं. मी म्हटलं अर्ध्याच्या खाली होतात. त्या म्हणे वर होते. मग ह्यांना आतून साक्षीला बोलावलं, त्यांनी दोघींकडे बघितलं आणि म्हणाले, "मी जरा चालून येतो."