काटा शून्यावर आणला म्हणजे मॅन्युअल झालं का?

खानदेशातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: 'रोलच्या जमान्यात सगळे मॅन्युअलवर काढायचे, म्हणून एक्स्पोजर चुकत नव्हतं. डिजिटलवरही तेच करा. ऑटो नवशिक्यांसाठी.' (एक्स्पोजर म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा ते; मॅन्युअलवर ते आपण ठरवतो, ऑटोवर कॅमेरा.)

सगळे मॅन्युअलवर? कॅननचा एई-१ १९७६ चा. शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आपण लावायचं, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं) कॅमेरा बघायचा. निकॉन एफए १९८३ पासून चौकटीचे पाच भाग करून उजेड मोजत होता. दोन्ही रोलचेच.

चुकत नव्हतं, हेही खरं नाही. चुकायचं, पण कळायचं नाही. कलर निगेटिव्ह दोन स्टॉप ओव्हर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) सहज पचवायची आणि बाकीचं लॅबवाला प्रिंट काढताना सावरून घ्यायचा. स्लाइडवर, म्हणजे थेट चित्र देणाऱ्या फिल्मवर, ही चैन नव्हती. डिजिटलचा स्वभाव स्लाइडचा आहे: सावली बरीच उचलता येते, पण पांढरं पुरतं जळालं की कॅमेऱ्याच्या कच्च्या, रॉ फाइलमधूनही परत येत नाही. निगेटिव्हवरची 'थोडं जास्तच दे' ही सवय मे महिन्यात जळगावच्या उन्हात नेली, तर वरातीतल्या टोप्यांचे नुसते पांढरे ठिपके उरतात.

आता मुख्य मुद्दा. बरेच जण कॅमेरा एमवर, म्हणजे मॅन्युअलवर, ठेवतात आणि उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत चाक फिरवतात. मग ठरवलं कोणी? मीटरनेच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पांढऱ्या घोड्याने चौकट भरा, मीटर त्याला करडा करतं, काळ्यालाही करडाच. समोर काय आहे हे त्याला कळत नाही, मधला करडा तेवढा कळतो. पांढऱ्याला एक-दीड स्टॉप जास्त, काळ्याला साधारण एक कमी द्यावं लागतं, आणि ते ऑटोमध्ये कॉम्पेन्सेशनचं (उजेड कमी-जास्त करायचं) बटण दाबूनही देता येतं.

मॅन्युअलचा खरा फायदाही याच बाजारात आहे. दोन्ही घोड्यांवर ऊन एकच पडतं. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/५०० सेकंद लावा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) एकदा बघून घ्या आणि हात लावू नका. घोडा कोणत्याही रंगाचा येवो.

वरात उन्हातून मांडवात शिरते तिथे मात्र हा हट्ट नको. चाक फिरवेपर्यंत हार घालून झालेले असतात. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लावा: अ‍ॅपर्चर आपलं, शटर कॅमेऱ्याचं.

आणि एमवर ठेवून ऑटो आयएसओ चालू असेल, तर एक्स्पोजर कॅमेराच ठरवतोय. मेसेज पुढे ढकलण्याआधी भाऊंनी आपला मेनू तेवढा उघडून बघावा.